पत्रिका जमत नाही, असं कोण म्हणालं?

प्रेमात पडलेली दोन माणसं मेली, की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. त्यांच्या नशिबातच नव्हतं का? की त्यांनी आपल्या हातानं हे ओढवून घेतलं? कॉलेजात शेक्सपिअर शिकताना हाच प्रश्न 'नियती की स्वेच्छा' असा इस्त्रीचे कपडे घालून येतो आणि दहा गुणांना विचारला जातो. विद्यार्थी दोन्ही बाजू लिहितात, शेवटी 'दोन्हींचा वाटा आहे' म्हणतात आणि पास होतात.

माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि तो टिकून आहे कारण तो सोयीचा आहे. नशीब म्हटलं की दोष आकाशाला जातो. स्वेच्छा म्हटलं की दोष मेलेल्या दोघांना जातो. दोन्हींत तिसरा माणूस सुटतो. ज्यानं नाही म्हटलं, ज्यानं दार लावून घेतलं, ज्यानं हत्यार आणलं, आणि हे सगळं दिसत असूनही जो गप्प बसला, तो.

गेल्या हिवाळ्यात इथे जर्सी सिटीत, जर्नल स्क्वेअरजवळच्या एका घरी आम्ही चार कुटुंबांनी मिळून 'सैराट' पुन्हा पाहिला. २०१६चा सिनेमा, सगळ्यांचा आधी पाहिलेला, गाण्यांवर पोरांनी नाचून घेतलेलं. शेवट आला तशी खोली गप्प झाली. मग चहा आला आणि चहाबरोबर ती दोन वाक्यंही आली. एका काकांनी सुस्कारा सोडला, "बिचाऱ्यांचं नशीब!" दुसऱ्या बाजूनं एक ताई म्हणाल्या, "नशीब कसलं? घरच्यांचं तोंड माहीत असताना करायचं कशाला? निवडलं त्यांनी, भोगलं त्यांनी." पुढचे दोन तास वाद या दोन वाक्यांमध्येच फिरत राहिला. अर्चीच्या भावाचं नाव त्या दोन तासांत कुणी घेतलं नाही. सिनेमात त्याचं नाव प्रिन्स आहे. तो भेटवस्तू घेऊन येतो, बहिणीच्या हातचा चहा घेतो, आणि मग दोघांना मारतो. एवढं ठळक पात्र, आणि आमच्या चर्चेतून तो अलगद निघून गेला.

हे आपल्याला जमतं कसं, ते तपासायला मूळ गोष्टीपासून सुरुवात करू.

रोमिओ आणि ज्युलिएटची गोष्ट शेक्सपिअरनं रचलेली नाही. इटलीत ती आधीपासून होती. इंग्रजीत आर्थर ब्रुक यानं १५६२ मध्ये त्यावर दीर्घ काव्य लिहिलं आणि शेक्सपिअरनं ते समोर ठेवून नाटक केलं. ब्रुकनं आपल्या काव्याला वाचकांसाठी जे प्रास्ताविक जोडलं, त्यात त्याचा न्याय ठरलेला आहे: आईवडिलांचा अधिकार आणि वडीलधाऱ्यांचा सल्ला न मानणाऱ्या पोरांचं असंच होतं. आमच्या ताईंचं मत साडेचारशे वर्षं जुनं आहे ते असं.

शेक्सपिअरनं तो उपदेश काढून टाकला. ब्रुककडे महिनोन् महिने चालणारी गोष्ट त्यानं चार-पाच दिवसांत बसवली. सुरुवातीच्या चौदा ओळींत सूत्रधार सांगतो की या दोघांचे ग्रहच वाईट होते. इथे आमचे काका खूश होतात. पण त्याच चौदा ओळींत हेही सांगितलेलं आहे की दोन घराण्यांचं जुनं वैर होतं आणि पोरं मेल्याशिवाय ते मिटणार नव्हतं. ग्रहांचा उल्लेख होतो आणि लगेच आईबापांचा होतो. आपण पहिला लक्षात ठेवतो.

आता नाटकात प्रत्यक्ष काय घडतं ते बघा. ज्युलिएटचे वडील कॅप्युलेट सुरुवातीला अगदी आपल्यातले वाटतात. मागणी घालायला आलेल्या पॅरिसला ते म्हणतात, पोर लहान आहे, थांबा, आणि तिची पसंती असेल तरच माझी संमती. पोर चौदाचीही झालेली नाही. दोन दिवसांनी तेच वडील परस्पर लग्न ठरवतात, तिला गुरुवारचा मुहूर्त कळवतात आणि ती नाही म्हणाली की तिला रस्त्यावर भीक मागत मरायला सांगतात. मग लग्न आणखी एक दिवस अलीकडे आणतात. आई पाठ फिरवते. जिनं तिला अंगावर पाजलं ती दाई म्हणते, झालं ते विसर, पॅरिस काय वाईट आहे? पुढचं सगळं, ते औषध, ती खोटी झोप, ते थडगं, या तीन माणसांनी एका सकाळी तीन दारं लावल्यामुळे आहे. ग्रहांनी त्या सकाळी काही केलेलं नाही.

रोमिओही धुतल्या तांदळासारखा नाही. टिबाल्टला तो स्वतःच्या तलवारीनं मारतो आणि लगेच आपण नशिबाच्या हातचं खेळणं झालो म्हणून ओरडतो. ही जागा फार खरी आहे. तलवार हातात असलेला माणूसच नशिबाचं नाव आधी घेतो.

मग नाटकात नशीब नाहीच का? आहे. एकाच ठिकाणी आहे, आणि ते नेमकं ठिकाण महत्त्वाचं आहे. ज्युलिएट मेलेली नाही, झोपलेली आहे, हे सांगणारं पत्र रोमिओला पोचत नाही. पत्र नेणारा साधू एका घरात असताना त्या घरात साथीचा रोग असल्याचा संशय येतो आणि नगराचे लोक दाराला सील लावतात. कोविडच्या वर्षात व्हिसा आणि विमानांअभावी ज्यांना आईवडिलांच्या शेवटच्या दर्शनाला जाता आलं नाही, त्यांना त्या बंद दाराचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. प्लेग कुणी ठरवून आणला नव्हता. याला खुशाल नशीब म्हणा.

आता आमच्या खिडकीतून दिसणारी नदी ओलांडू. १९५७ मध्ये मॅनहॅटनमध्ये ब्रॉडवेवर 'वेस्ट साइड स्टोरी' आलं. व्हेरोनाच्या घराण्यांच्या जागी न्यूयॉर्कच्या गल्ल्यांतल्या दोन टोळ्या, त्यातली एक पोर्तो रिकोहून आलेल्या पोरांची. गोष्ट तीच, आणि निरोप पोचत नाही तोही तसाच. पण या वेळी साथीचा रोग नाही. निरोप घेऊन अनिता येते, तिला टोळीतली पोरं घेरतात, तिच्या जातकुळीवरून घाणेरडं बोलतात, तिच्या अंगावर जातात. संतापून ती खोटंच सांगते की मारिया मेली. टोनी मरायला धावतो ते त्या खोट्या निरोपामुळे. साथीच्या रोगाची जागा माणसांनी घेतली. नाटककारांनी नशिबाला एवढीही फट ठेवली नाही.

आणि नागराज मंजुळ्यांचा 'सैराट'? तिथे निरोप पोचतो. सगळा भेद इथे आहे. अर्ची हैदराबादहून आईला फोन करते. मूल झालंय, घर लागलंय, राग विरला असेल असं तिला वाटतं. फोन लागतो, आईशी बोलणं होतं, माहेरच्यांना पत्ता कळतो, साड्या-खेळणी घेऊन माणसं दारात येतात. मधे एकही अपघात नाही. एकही पत्र हरवत नाही. सगळे निरोप वेळेवर, योग्य पत्त्यावर पोचले म्हणून ती दोघं मेली.

म्हणजे व्हेरोनात रोगानं थोडं काम केलं, न्यूयॉर्कमध्ये माणसांनी रोगाचं काम केलं, आणि करमाळ्याच्या परिसरात चित्रित झालेल्या आपल्या गोष्टीत नशिबाला कामच उरलं नाही. तरी 'बिचाऱ्यांचं नशीब' हे वाक्य आपण नेमकं तिथेच म्हणतो.

ताईंच्या वाक्याचंही बघू. स्वेच्छेनं जे करता येतं ते परशा आणि अर्चीनं सगळं केलं. पळाली, उपाशी राहिली, झोपडपट्टीत राहिली. त्यानं डोशाच्या गाडीवर काम केलं, पाटलाच्या मुलीनं कारखान्यात पाळी केली. भांडली, तुटायला आली, पुन्हा जुळली. कायदेशीर लग्न केलं, मूल वाढवलं. आपल्यापैकी कितीजणांचा संसार एवढा निवडून आणि एवढा कमावून उभा राहिला आहे? 'निवडलं आणि भोगलं' हे खरं असतं, तर त्यांनी निवडलेलं सुख भोगायला हवं होतं. भोगलं ते दुसऱ्यानं निवडलेलं.

सिनेमा सिनेमा असतो, असं कुणी म्हणेल. मग सिनेमा सोडून बोलू. जानेवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या सोनई इथे तीन दलित तरुणांना शौचालयाची टाकी साफ करण्याचं काम आहे सांगून बोलावून घेतलं आणि मारलं. त्यातल्या एकाचं वरच्या जातीतल्या मुलीवर प्रेम होतं. इथेही निरोप पोचला होता, कामाचा. नाशिकच्या सत्र न्यायालयानं २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. त्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावात, २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी त्याचे संबंध आहेत हा संशय पुरेसा ठरला होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. 'सैराट' प्रदर्शित झाला २९ एप्रिल २०१६ ला, खर्ड्याच्या घटनेला दोन वर्षं आणि एक दिवस झाल्यावर.

फितूर होणं ही कुठल्या ग्रहाची दशा? एकेका साक्षीदारानं न्यायालयात उभं राहून एकेक निर्णय घेतला. त्यामागे भीती असेल, दबाव असेल, तेही कुणाचे तरी निर्णय होते. त्या मुलाच्या आईबापांना ते सगळे निर्णय सोसावे लागले.

आता इथल्या वाचकांना एक गोष्ट आठवून देते. १९८७ साली याच जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' नावानं एक पत्र स्थानिक वर्तमानपत्रात आलं. कुंकू लावणाऱ्या बायकांवरून ठेवलेलं ते नाव. भारतीयांना या गावातून हुसकावून लावू, असा त्याचा मजकूर होता. त्याच वर्षी शेजारच्या होबोकनमध्ये एका टोळक्यानं एका भारतीय तरुणाला इतकं मारलं की तो वाचला नाही. जर्सी सिटीत एका भारतीय डॉक्टरला बेदम मारहाण झाली. तेव्हा नूअर्क ॲव्हेन्यूवरच्या दुकानदारांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत कुणी म्हटलं का, की बिचाऱ्याचं नशीब? कुणी म्हटलं का, की अमेरिकेत यायचं त्यानं निवडलं, भोगलं? लोक रस्त्यावर उतरले. गुन्हेगारांची नावं मागितली, पोलिसांना जाब विचारला, द्वेषातून केलेल्या गुन्ह्यासाठी कडक कायदा मागितला, आणि पुढे न्यू जर्सीत तसा कायदा झालाही. आपल्यावर आलं तेव्हा आपल्याला कर्ता बरोबर ओळखता आला. आपल्यातल्याच कुणी केलं, की आपण पंचांग उघडतो.

हे आपल्या भाषेत फार मुरलंय. शाळेत कर्तरी, कर्मणी, भावे असे तीन प्रयोग शिकवले होते, आठवत असतील. चौथा प्रयोग घरात शिकवतात. 'जमलं नाही.' 'योग नव्हता.' 'होऊन गेलं.' 'घडायचं ते घडलं.' वाक्य पूर्ण, कर्ता गायब. या प्रयोगाचं सगळ्यात सभ्य रूप म्हणजे 'पत्रिका जमत नाही'. स्थळ नको असतं, जात नको असते, पगार कमी वाटतो, रंग आवडत नाही, तेव्हा समोरच्या घरी काय कळवायचं हे प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. ऐकणाऱ्यालाही खरं काय ते कळतं, तोही मान डोलावतो. छत्तीस गुणांपैकी अठराच्या वर गेले तर पत्रिका जुळली म्हणायचं, हा हिशोब. पण आधी घर पसंत असेल तर चौदा गुणांनाही तोडगा निघतो, आणि पसंत नसेल तर अठ्ठावीस गुणांतही मंगळ निघतो. सटवाई सहाव्या रात्री कपाळावर लिहिते म्हणतात. आपल्याकडे बऱ्याचदा ते लिहिणं घरातली मोठी माणसं जेवणाच्या टेबलाशी बसून पुरं करतात आणि खाली सही मात्र सटवाईची करतात.

माझी तक्रार श्रद्धेशी नाही. न्यू जर्सीत जन्मलेल्या पोरीची पत्रिका कुठल्या अक्षांशावर मांडायची, हा ज्याचा त्याचा प्रश्न. जिचं मूल गेलं ती आई 'नशीब माझं' म्हणत असेल, तर तिच्याशी वाद घालणारा माणूस करंटा. तिला त्या शब्दाचा आधार आहे, आणि तिच्याजवळ दुसरं काही उरलेलं नाही. पण चहाचा कप हातात घेऊन सोफ्यावर बसलेल्या प्रेक्षकाला तो शब्द वापरायचा अधिकार नाही. त्याच्याकडे अजून पुष्कळ काही उरलेलं आहे.

आपल्या घरापासून पाथची गाडी आणि पुढे सबवे धरली, की तासाभरात कोलंबिया विद्यापीठ येतं. तिथे ९ मे १९१६ रोजी पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी मानववंशशास्त्राच्या एका चर्चासत्रात जातींवरचा निबंध वाचला. त्यांचं सूत्र असं होतं की जात म्हणजे लग्नाची बंद केलेली दारं. जातीबाहेर लग्न होऊ न देणं हाच जातीचा गाभा. आणि दारं आपोआप बंद राहत नाहीत, ती बंद ठेवावी लागतात. सती, लादलेलं वैधव्य आणि बालविवाह ही ती बंद ठेवण्याची साधनं होती, असं त्यांनी दाखवलं. ज्याला लोक जन्मानं आलेलं प्राक्तन समजत होते, त्याची यंत्रणा त्यांनी उलगडून टेबलावर मांडली. 'सैराट'च्या बरोबर शंभर वर्षं आधी, आपल्या नदीच्या पलीकडच्या काठावर. पुढे १९३६ मध्ये त्यांनी लिहिलं की आंतरजातीय विवाह हाच यावरचा खरा उपाय. आपण त्या विद्यापीठातला त्यांचा अर्धपुतळा पाहुण्यांना दाखवायला नेतो, फोटो काढतो, आणि परतीच्या गाडीत भाचीसाठी 'आपल्यातलाच' मुलगा शोधायच्या साइटवर चाळणी लावतो.

या सगळ्या गोष्टींपेक्षा मला एक खरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. २९ ऑगस्ट १८६८ रोजी सावित्रीबाई फुल्यांनी नायगावहून जोतिबांना पत्र लिहिलं. त्यात एका जोडप्याची हकीकत आहे. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण गावोगाव पंचांग सांगत फिरायचा, त्यावर त्याचं पोट होतं. त्याचं महार समाजातल्या सारजा नावाच्या मुलीवर प्रेम बसलं. तिला सहावा महिना लागला तेव्हा गावाला कळलं. गावकऱ्यांनी दोघांना पकडलं, गावातून मिरवत नेलं आणि मारून टाकायचं ठरवलं. सावित्रीबाईंच्या कानावर हे गेलं तशा त्या धावत तिथे पोचल्या. इंग्रजांच्या कायद्यात खुनाला काय शिक्षा आहे ते त्यांनी जमावाला सांगितलं आणि जमाव मागे हटला. दोघांनी गाव सोडावं एवढ्यावर निभावलं, आणि सावित्रीबाईंनी दोघांना जोतिबांकडे पाठवून दिलं.

या गोष्टीतला नायक पंचांग सांगणारा आहे, हे विसरू नका. दुसऱ्यांचं भविष्य सांगून जगणाऱ्या त्या पोराच्या पंचांगात त्या दिवशी काय लिहिलं होतं कुणास ठाऊक. दोघांचं भविष्य बदललं ते एका बाईनं चपला घातल्या आणि ती घराबाहेर पडली म्हणून. ती गेली नसती, तर आज आपण म्हटलं असतं, नशीब बिचाऱ्यांचं. आणि सगळा गाव तेव्हाही तिथेच होता.

आपल्या रंगभूमीलाही हे माहीत होतं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र' १८८२ मध्ये रंगमंचावर आलं आणि आजही इथल्या अधिवेशनांत त्याची पदं रंगतात. जरा त्याची गोष्ट पदांशिवाय ऐका. मुलीचं एकावर प्रेम आहे, थोरल्या भावानं तिला दुसऱ्याला द्यायचं परस्पर ठरवलंय, मुहूर्त जवळ आलाय. ही शोकांतिकेचीच मांडणी आहे, ज्युलिएटचीच आहे. मग आपण हसत घरी का येतो? कारण त्या घरात दुसरा एक भाऊ आहे. कृष्ण बलरामाशी भांडत नाही, उपदेश करत नाही. तो अर्जुनाला संन्यासी म्हणून त्याच घरात आणून बसवतो आणि सगळा डाव मुलीच्या बाजूनं लावतो. वडीलधाऱ्यांपैकी एकानं बाजू बदलली की शोकांतिकेची सुखांतिका होते. कॅप्युलेटच्या घरात असा एकही निघाला नाही. ज्या साधूनं मदत केली, तोही थडग्यात पहारेकऱ्यांची चाहूल लागताच ज्युलिएटला एकटं टाकून पळाला.

आता आपल्याकडे येते, जर्सी सिटीतल्या, एडिसनमधल्या, बे एरियातल्या तुमच्याआमच्याकडे. आपण म्हणू, आम्ही हजारो मैल लांब, आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो फोनचा आहे. गावाकडच्या कुटुंबात अमेरिकेतल्या माणसाच्या शब्दाला वजन असतं. घराच्या कर्जात, धाकट्याच्या फीमध्ये, वडिलांच्या ऑपरेशनमध्ये त्याचे डॉलर असतात. म्हणून कुणाची पोर पळून गेली की दोन फोन इथे येतात. पहिला घरच्यांचा. "अगं, तू तिकडे असतेस, तुझं ऐकेल ती. कुठे आहे एवढं फक्त विचार. आम्ही काही करणार नाही, तिची आई जेवत नाहीये." आणि दुसरा त्या पोरीचा, कारण सगळ्या नात्यात एक अमेरिकेतली मावशीच तिला समजून घेईल असं तिला वाटतं. पत्ता तिच्याकडे आहे. तो मागणारे तिकडे आहेत. मधे तुम्ही आहात. त्या क्षणी नियती म्हणून जे काही आहे ते तुमच्या फोनमध्ये आहे.

अशा वेळी करायचं काय, ते साधं आहे. पत्ता द्यायचा नाही. रडणाऱ्या आईलाही नाही, कारण आईच्या फोनमधून तो कुठे जातो ते 'सैराट'नं दाखवलंय. मुलगी सज्ञान आहे का ते विचारायचं, आणि असेल तर घरच्यांना स्पष्ट सांगायचं की तिला कुणाची परवानगी लागत नाही. हे माझं मत नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं २७ मार्च २०१८ च्या निकालात म्हटलंय की दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला कुटुंबाची किंवा समाजाची संमती लागत नाही. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवाऱ्याची सोय करावी असंही त्यात सांगितलंय. दोघांना पोलिसांकडे लेखी अर्ज करायला सांगायचा, वकिलाची फी आपण भरायची. आणि घरच्यांना सावित्रीबाईंसारखं, शांत आवाजात, कायदा काय म्हणतो ते ऐकवायचं. आपल्याला तर धावतही जावं लागत नाही.

कायद्यावरही बोललं पाहिजे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. त्यात दोघांची नावं असतात आणि पत्तेही असतात. न्यू जर्सीत विवाह परवान्याचा अर्ज केल्यावर बहात्तर तास थांबावं लागतं. तिकडे महिनाभर शिकाऱ्याला पत्ता वाचायची मुभा आहे. व्हेरोनाचा राजा शेवटी प्रेतांसमोर उभा राहून कबूल करतो की या वैराकडे मी काणाडोळा केला, त्याची शिक्षा मलाही झाली. आपल्या राज्यकर्त्यांकडून एवढी कबुलीही येत नाही. महाराष्ट्राच्या मंत्र्यांना आपण इथल्या व्यासपीठांवर शाली घालतो. त्यांना शालीबरोबर हा एक प्रश्नही द्यायला काय हरकत आहे?

कुणी म्हणेल, आमच्या घरात असलं रानटी काही होत नाही. खरं आहे. इथे कुणी कोयता आणत नाही. इथे 'बाबांचं बीपी वाढलंय' असतं, सहा महिने अबोला असतो, 'तुझी निवड, मग आमच्याकडून अपेक्षा नको' असतं, आणि लग्नाला न येणं असतं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि मी तो पुसत नाही. पण दोन्हीकडचं वाक्य एकाच साच्याचं आहे, कर्ता गाळलेलं. 'त्यांचं जमलं नाही' असं आपण वर्षांनंतर सांगतो, तेव्हा ज्यानं जमू दिलं नाही तो बहुधा त्याच खोलीत बसून लाडू खात असतो.

रोमिओ-ज्युलिएटच्या शेवटी दोन्ही बाप हातात हात घेतात आणि पोरांचे सोन्याचे पुतळे उभारायचं ठरवतात. ही तर आपली जुनी सवय. पोरं जिवंत असताना दार उघडायचं नाही, आणि मेल्यावर स्मारक, गाणी, स्टेटस, डोळ्यांत पाणी. तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही खोलीत, कुठल्याही सिनेमानंतर, कुणी 'नशीब' म्हणालं किंवा 'निवडलं त्यांनी' म्हणालं, तर एवढंच विचारा: मारलं कुणी, नाही कोण म्हणालं, पत्ता कुणी दिला? नावं घ्यायला लावा. आपल्याच घरातली निघाली तरी. आणि ज्यांच्या घरात आज अशी एखादी पोर फोनची वाट बघत बसली असेल, त्यांनी हे वाचणं इथेच थांबवून तिला फोन लावावा.